मैद्याचं काम कोण करणार?

अमेरिकेतल्या मुलांना मॅकरोनी अँड चीज म्हणजे आपल्याकडचा वरणभात. ऐन मंदीत, १९३७ साली, क्राफ्ट कंपनीने चार जणांना पुरेल असा खोका १९ सेंटना विकायला काढला आणि हा पदार्थ घरोघरी रुळला. नेहमीच्या कृतीत गहू दोनदा येतो. मॅकरोनी गव्हाची असतेच, शिवाय सॉस दाट व्हावा म्हणून लोण्यात मैदा परतून त्यात दूध घालतात. सीलिॲक आजार असलेल्या मुलाला दोन्ही वर्ज्य.

या आजारात गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. त्याचा गव्हाशी संबंध आहे, हे डच बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांनी १९५० च्या प्रबंधात मांडलं. पथ्य हाच आजही उपचार आहे आणि ते जन्मभराचं असतं.

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी घरात पहिलीतल्या मुलाचं असं पथ्य आहे. बाकीची मंडळी पोळ्या खातात, त्यामुळे स्वयंपाकाआधी आवराआवर ठरलेली. आई ओटा पुसते, पोळपाट-लाटणं कपाटात टाकते आणि फडताळातून वेगळी चाळणी काढते. गव्हाचा पास्ता गाळलेल्या चाळणीच्या भोकांत चिकटा अडकून राहतो, म्हणून ही चाळणी मुलाची स्वतंत्र. जुने लाकडी डावही बाद झाले, त्यांच्या चिरांत पीठ बसतं. अमेरिकेत पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ छापायचं तर ग्लुटेन दहा लाख भागांत २० पेक्षा कमी लागतं. एवढ्या काटेकोर हिशेबात पिठाचा हात लागलेला डाव बसत नाही. घरातलं हिंगही तिने बदललं, कारण बाजारातल्या डबीतल्या बऱ्याच हिंगांत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.

मॅकरोनी मका आणि तांदळाची. गव्हाच्या मॅकरोनीत ग्लुटेनची जाळी स्टार्चला धरून ठेवते. इथे ती जाळी नाही, त्यामुळे स्टार्च पाण्यात सुटतो, नळ्या एकमेकींना चिकटतात आणि शिजलेल्या मॅकरोनीचा बघता बघता गिचका होतो. २२५ ग्रॅम मॅकरोनीला ती तीन लिटर पाणी घेते, मीठ घालते आणि पहिली दोन मिनिटं डाव थांबवत नाही. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधीपासून एकेक नळी दाताखाली धरून पाहते. मधोमध किंचित कणी लागली की लगेच चाळणीत.

सॉसमध्ये मैद्याच्या जागी कॉर्नफ्लोअर. त्याची दाटपणा आणायची ताकद मैद्याच्या साधारण दुप्पट, त्यामुळे अर्ध्या लिटर दुधाला दीड टेबलस्पून पुरतं. गरम दुधात थेट टाकलं तर गुठळ्या होतात, म्हणून आधी थोड्या गार दुधात कालवून घ्यायचं. दूध उकळी येईस्तोवर ढवळत राहायचं, दाट झालं की चमचाभर लोणी घालायचं आणि गॅस बंद करायचा.

चीज यानंतर. उकळत्या दुधात चेडर पडलं की त्यातली प्रथिनं आक्रसतात, तूप वेगळं सुटतं आणि सॉस रवाळ होतो. गॅस बंद असताना मूठमूठ घातलं तर ते मऊसूत मिसळतं. किसलेल्या चीजचं पाकीट ती आणत नाही. किसाचे गोळे होऊ नयेत म्हणून त्याला स्टार्च किंवा सेल्युलोज चोळलेलं असतं, आणि त्याने ते वितळताना गुळगुळीत होत नाही. २०० ग्रॅमची वडी मुलगाच किसतो. किसणीपेक्षा तोंडाकडे वळणारा हात जास्त, पण त्याचा हिशेब ती वडी विकत घेतानाच धरते. शेवटी चिमूटभर मोहरीची पूड. तिखटपणा जाणवत नाही, चीजची चव मात्र उठते.

ताटात वाढायचं असेल तर काम इथे संपतं. शाळेच्या डब्याला आणखी खटपट. मका-तांदळाची मॅकरोनी गार होताना कडक होत जाते, कारण शिजून फुललेला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो. शिवाय ती सॉसमधलं पाणी शोषत राहते. त्यामुळे डब्याचा सॉस मुद्दाम पातळ, चारेक चमचे दूध जास्त घालून केलेला. थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी भरून तो दहा मिनिटं तापवायचा, पाणी ओतून टाकायचं आणि वाफाळती मॅकरोनी भरून झाकण घट्ट लावायचं. मधल्या सुट्टीत ती कोमट आणि चमच्याने उचलता येण्याइतकी मऊ असते. मटार घालून पाहिले, तर तेवढेच वेचून डब्यात परत येतात. म्हणून मटार सध्या रात्रीच्या जेवणात, आईच्या नजरेसमोर.