इलेक्ट्रिक गाडीचा टायर बदलताय? आधी मागचं चाक ओळखा

हा भाग ऐकून बऱ्याच जणांनी सांगितलं, 'हे लिहून टाक, दुकानात उभं राहून वाचता येईल.' म्हणून थोडी काटछाट करून इथे देतोय.

सुरुवात माझ्याच फजितीपासून. मी राहायला वैरागला, काम बार्शीत. इलेक्ट्रिक स्कूटरवर रोज चाळीसेक किलोमीटर होतात. चौदा हजार किलोमीटरला मागचा टायर गुळगुळीत झाला. जवळच्याच एका दुकानात नवा घातला. अर्ध्या तासात काम झालं, मी खूश. पंधरा दिवसांनी रात्री आईला मागे बसवून येत होतो. मागून 'कट' असा आवाज आला आणि गाडी बंद. अंधार, समोरून उसाच्या ट्रॉल्या, आणि आम्ही दोघं गाडी ढकलतोय.

झालं काय होतं? मागचं चाक बसवताना एक खाचेचा वॉशर राहून गेला होता. एवढंच. दुकानातल्या मामांना दोष देत नाही, त्यांनी असलं चाक पहिल्यांदाच उघडलं होतं. पण मी इंजिनिअर असून मलाही माहीत नव्हतं, ही खरी लाजेची गोष्ट.

हब मोटर म्हणजे काय?

बैलगाडी आठवा. आस जागेवर राहतो, चाक त्याच्याभोवती फिरतं. हब मोटरमध्ये तसंच आहे, फक्त मोटर चाकाच्या आतच असते. ती चाकाला पुढे रेटते तेव्हा तेवढ्याच जोराने आसाला उलटं पिळते. आस फिरू नये म्हणून त्याच्या बाजू चपट्या केलेल्या असतात आणि खाचेचा वॉशर किंवा पट्टी त्याला धरून ठेवते. वेग कमी करताना मोटर बॅटरी चार्ज करते, तेव्हा पीळ उलट्या दिशेने बसतो. पुढे-मागे, पुढे-मागे. नट सैल असेल तर आस हळूहळू सरकतो आणि एक दिवस फिरतो. मोटरच्या वायरी तिथूनच बाहेर येतात, त्या पिळून तुटतात. तीन जाड वायरी वीज नेतात, बारीक वायरी सेन्सरच्या. माझ्या गाडीचं नेमकं हेच झालं.

सगळ्या गाड्या अशा नसतात. टीव्हीएस आयक्यूबमध्ये मोटर चाकात आहे. एथर ४५० मध्ये मोटर वेगळी, चाकाला बेल्टने जोडलेली. आपली कुठली, हे मॅन्युअलमध्ये बघा.

चाक काढताना

- गाडी बंद करा, बॅटरीचा एमसीबी असेल तर तोही पाडा.
- नट सोडण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कुठला वॉशर कुठे, खाच कुठल्या बाजूला, हे फोटोत दिसलं पाहिजे.
- कनेक्टर सोडताना वायर ओढायची नाही, कनेक्टर धरायचा. चाक वायरीवर लोंबकळू द्यायचं नाही.
- बसवताना नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर आवळा. टॉर्क पाना नसेल तर सर्व्हिस सेंटरला जा. आठवड्याने पुन्हा तपासा.

आणि हो, ट्यूबलेस टायरमध्ये बाभळीचा काटा घुसला तर चाक काढायची गरजच नसते. बाहेरूनच स्ट्रिप मारून काम होतं.

टायर घेताना

समजा टायरवर ९०/९०-१२ लिहिलंय. म्हणजे रुंदी ९० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ९० टक्के, रिम १२ इंची. पुढे '५४ जे' असेल तर एका टायरला २१२ किलो भार आणि ताशी १०० किलोमीटरपर्यंत वेग चालतो. बॅटरीमुळे गाडी जड असते, म्हणून स्वस्तातला कमी भाराचा टायर घेऊ नका. चार आकडी तारीख बघा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. बाजूचा बाण चाक फिरतं त्या दिशेला हवा. व्हॉल्वही नवा टाका. नवा टायर घसरतो, पहिले शंभरेक किलोमीटर जपून चालवा.

बदलायचा कधी? खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की संपला. नियमाप्रमाणे दुचाकीला किमान ०.८ मिलिमीटर खोली लागते. पावसाळा तोंडावर असेल तर मी एवढी वाट बघत नाही.

रोजची देखभाल

हवा आठवड्याला एकदा, सकाळी, टायर थंड असताना तपासा. उन्हात चालवून आल्यावर आकडा जास्तच दिसतो. हवा कमी असेल तर टायर कडेने झिजतो आणि एका चार्जमध्ये गाडी कमी चालते. 'बॅटरी उतरली' म्हणण्याआधी हवा बघा!

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. घरी आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, गाडी अर्धा-एक तास सावलीत थंड होऊ द्या. धुताना मोटर आणि कनेक्टरवर प्रेशरचं पाणी मारू नका. ब्रेक कमी वापरले जातात म्हणून विसरू नका, पॅड आणि ब्रेक ऑइल तपासत राहा.

इंजिन नाही म्हणजे देखभाल नाही, असं मी समजत होतो. गाव छोटं असेल तर मिस्त्रीइतकंच आपल्यालाही माहीत पाहिजे. आता त्याच मामांकडे जातो. फोटो मी काढतो, नट ते आवळतात आणि वॉशर दोघं मिळून मोजतो.

तुमच्या गाडीचं मागचं चाक कुठल्या प्रकारचं आहे, आजच वाकून बघा. भेटू पुढच्या भागात!