स्वस्त सेन्सर नेटवर्क: पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही?



"सोलापुरात समुद्र कुठून आला?" माझा विषय ऐकल्यावर हा प्रश्न ठरलेलाच. मी कमी खर्चाच्या सेन्सर नेटवर्कवर काम करतो आणि या विषयातलं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण गोव्याच्या किनाऱ्यावरचं आहे. सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांनी ते जरूर समजून घ्यावं.

२६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आली तेव्हा भारतात त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र नव्हतं. समुद्राची पातळी मोजणारी यंत्रं काही बंदरांत होती. पण नोंद यंत्रातच राहिली आणि चार दिवसांनी कुणीतरी ती काढून आणली, तर संशोधनाला उपयोग होतो, किनाऱ्यावरच्या माणसाला होत नाही. उपग्रहामार्फत डेटा पाठवता येतो, पण तो मार्ग महागडा. दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी वेगळा विचार केला. किनाऱ्यावर मोबाईलचे टॉवर आहेतच, मग डेटा त्यावरूनच का पाठवू नये? मांडवीच्या मुखाजवळ वेरे इथे त्यांनी असं केंद्र उभारलं. पातळीची नोंद मोबाईल नेटवर्कवरून थेट इंटरनेटवर येऊ लागली.

१२ सप्टेंबर २००७ ला सुमात्राजवळ ८.४ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यातून उठलेली त्सुनामी गोवा आणि लक्षद्वीपमधल्या कवरत्ती इथल्या केंद्रांनी टिपली आणि ती इंटरनेटवर त्याच वेळी दिसली. हैदराबादच्या इन्कॉइसमधलं त्सुनामी इशारा केंद्र सुरू झालं ते त्यानंतर, ऑक्टोबर २००७ मध्ये.

आता यातून शिकायचं काय? इथे बचत झाली ती मुख्यतः डेटा पाठवण्याच्या खर्चात. मोजमाप कच्चं ठेवून पैसे वाचवलेले नाहीत. हा फरक नीट लक्षात घ्या.

मोजमाप कच्चं राहिलं तर काय होतं ते बघू. पाण्याखाली दाबाचा सेन्सर ठेवून पातळी काढता येते. पण त्याला पाण्याबरोबर हवेचाही दाब जाणवतो. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला की हिशेबात साधारण १ सेंटीमीटरचा फरक पडतो, म्हणून तो वेगळा मोजून वजा करावा लागतो. शिवाय पावसाळ्यात मांडवीचं पाणी जवळजवळ गोडं होतं. खारं पाणी गोड्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं. म्हणजे सेन्सरवर ४ मीटर गोडं पाणी असेल आणि तुम्ही घनता समुद्राची धरली, तर सुमारे १० सेंटीमीटर चूक! छोटी त्सुनामी यात सहज हरवेल. वरून पाण्याकडे रोखलेला रडार वापरला तर घनतेचा प्रश्न येत नाही आणि सेन्सरवर शेवाळ, शिंपलेही चढत नाहीत.

दुसरी गोष्ट, किती वेळाने मोजायचं? आपल्या पश्चिम किनाऱ्यावर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. भरती-ओहोटीच बघायची असेल तर तासाला एक नोंद चालेल. पण त्सुनामीच्या दोन लाटांमध्ये काही मिनिटांपासून तासाभरापर्यंतच अंतर असतं. तासाला एक नोंद घेणाऱ्या यंत्रासमोरून ती निघून जाईल आणि आलेख गुळगुळीतच दिसेल.

हेच गणित उजनीला लावा. पुण्याकडून येणाऱ्या सांडपाण्यामुळे धरणाच्या पाण्यात शेवाळ वाढतं, ही आपली जुनी तक्रार. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री मात्र फक्त वापरतं. त्यामुळे अशा पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो पहाटे. आपण नमुना घेतो कधी? नाश्ता करून, अकरा वाजता! रिपोर्ट चांगला येतो आणि मासे मात्र पहाटे गुदमरतात. तिथे अर्ध्या तासाला नोंद घेणारा साधा सेन्सरही महिन्यातून एकदा घेतलेल्या नमुन्याला न दिसणारी गोष्ट दाखवू शकतो. अट एकच, तो खरं बोलत असला पाहिजे.

ही अट मी स्वतः विसरलो होतो. माझा पहिला गढूळपणाचा सेन्सर एका शेततळ्यात होता. तीन आठवडे आकडा रोज थोडा थोडा वाढत होता. मी खूश, ट्रेंड सापडला म्हणून! गाईडनी आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "काच शेवटची कधी पुसली?" जाऊन पुसली. आकडा थेट पहिल्या दिवसाच्या जवळ आला. तीन आठवडे मी काचेवरचं शेवाळ मोजत होतो.

तेव्हापासून खरेदीची यादी करण्याआधी मी वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहितो. या आकड्यावरून कोण, काय निर्णय घेणार? ती गोष्ट किती वेगाने बदलते? आणि सेन्सर चुकतोय हे मला कशावरून कळेल? तिसऱ्याचं उत्तर म्हणून बजेटमध्ये एक चांगलं, प्रमाणित मीटर आणि दर आठवड्याच्या फेरीचा खर्च धरा. बाकीचे दहा सेन्सर स्वस्त असले तरी चालतील, कारण त्यांना ताडून बघायला काहीतरी असेल.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कितव्या पानावर आहे? नसेल, तर आजच एक पान वाढवा.