दर तिमाहीला पंचवीस प्रश्न

अमेरिकेत दवाखाना थाटायचा तर परवाना लागतो आणि तो ज्याचे त्याचे राज्य देते. त्याच्या वर आणखी एक कागद असतो, बोर्डाच्या प्रमाणपत्राचा. कायद्याने तो ऐच्छिक आहे. पण इस्पितळात पेशंट दाखल करण्याचा हक्क हवा असो की विमा कंपनीच्या यादीत नाव हवे असो, बहुतेक ठिकाणी आधी हाच कागद मागतात. फॅमिली डॉक्टरांना तो देते ‘अमेरिकन बोर्ड ऑफ फॅमिली मेडिसिन’. केंटकी राज्यातल्या लेक्झिंग्टन गावी या संस्थेचे मुख्यालय, आणि आज लाखभराहून जास्त डॉक्टर तिच्या पटावर आहेत.

परीक्षा घेणारी संस्था आणि परीक्षा देणारी माणसे यांच्यात भागीदारी कसली, असे कुणीही विचारील. पास-नापास एकाने ठरवायचे आणि फी दुसऱ्याने भरायची, असा हा व्यवहार. तरीही या बोर्डाने ती भागीदारी जमवायचा प्रयत्न केला, आणि त्याचे मूळ संस्थेच्या जन्मातच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत स्पेशालिस्टांचे दिवस आले. हृदयाचा डॉक्टर वेगळा, हाडांचा वेगळा. साधा जनरल प्रॅक्टिशनर म्हणजे पुढे काही न शिकलेला, अशी समजूत रुजली आणि तरुण मुले त्या वाटेला जाईनाशी झाली. 1966 साली एकापाठोपाठ एक अहवाल आले. अख्ख्या माणसाची आणि त्याच्या घराची जबाबदारी घेणारा डॉक्टर मुद्दाम घडवावा लागेल, असा त्यांचा सूर होता. 8 फेब्रुवारी 1969 रोजी फॅमिली प्रॅक्टिसला विसावी स्पेशालिटी म्हणून मान्यता मिळाली. तिच्यामागे हात धुऊन लागलेला माणूस म्हणजे लेक्झिंग्टनचे डॉ. निकोलस पिसाकॅनो. स्वतः प्रॅक्टिस केलेले, आणि केंटकी विद्यापीठात जीवशास्त्राचे विद्यार्थिप्रिय शिक्षक. बोर्डाचे ते पहिले कार्यकारी संचालक.

नव्या बोर्डाने दोन अटी घातल्या. पहिली, ज्येष्ठतेच्या नावावर कुणालाही प्रमाणपत्र फुकट मिळणार नाही. तीस वर्षे प्रॅक्टिस केलेल्यानेही पेपर द्यायचा. दुसरी अट अधिक धाडसाची. प्रमाणपत्र फक्त सात वर्षांचे, नंतर पुन्हा परीक्षा. तेव्हा बाकीच्या स्पेशालिटींत एकदा पास झाले की जन्माचे काम व्हायचे. इंटर्नल मेडिसिनच्या बोर्डाने मुदतीची प्रमाणपत्रे 1990 पासून सुरू केली, तीही जुन्यांना वगळून. फॅमिली डॉक्टरांच्या बोर्डात असे जुने-नवे दोन वर्ग झालेच नाहीत. फेरपरीक्षेच्या वेळी स्वतःच्या पेशंटांचे केसपेपर तपासणीला द्यावे लागत, तेही सर्वांनाच. माझ्या मते बोर्डाची खरी पुंजी ही. नियम जाचक असला तरी पंक्तिप्रपंच नव्हता.

पुढे ही पुंजी बरीच खर्ची पडली. 2004 च्या सुमारास ‘मेंटेनन्स ऑफ सर्टिफिकेशन’ नावाचा नवा कारभार आला. काही वर्षांनी एकदा परीक्षा केंद्रात दिवसभर बसायचे हे होतेच, शिवाय अधेमधे स्वयंमूल्यांकनाचे धडे. एकेका आजारावर साठ प्रश्न आणि त्याच्या शेपटाला संगणकावरचा खोटा पेशंट. या खोट्या पेशंटाने खऱ्या डॉक्टरांना फार छळले. दिवसभर चाळीस माणसे तपासून आलेल्या बाईला रात्री पडद्यावरच्या माणसाची साखर आटोक्यात आणायला लावायची, तर ती वैतागणारच.

2014-15 मध्ये शेजारी भडका उडाला. इंटर्नल मेडिसिनच्या बोर्डाविरुद्ध डॉक्टरांनी सह्यांच्या मोहिमा चालवल्या, पर्यायी बोर्ड काढले, आणि फेब्रुवारी 2015 मध्ये त्या बोर्डाला जाहीर माफी मागावी लागली. लेक्झिंग्टनकरांवर तशी वेळ आली नाही, पण शेजारच्या आगीची धग त्यांना लागली असणारच.

2017 साली त्यांनी दर तिमाहीला पंचवीस प्रश्न ऑनलाइन पाठवायला सुरुवात केली, निव्वळ सरावासाठी. उत्तर निवडायचे, मग विचारणार: या उत्तराची तुम्हाला किती खात्री आहे? नंतर बरोबर उत्तर आणि त्याची कारणे. चुकीच्या उत्तराबद्दल छातीठोक असणे डॉक्टरला महागात पडते, पेशंटला त्याहून जास्त; ते एकांतात कळलेले बरे. ही पद्धत चालते असा पडताळा आल्यावर जानेवारी 2019 पासून परीक्षाच त्या साच्यात घालून पाहिली. दिवसभराच्या पेपराऐवजी, चार वर्षांच्या मुदतीत तीनशे प्रश्न. एका प्रश्नाला पाच मिनिटे. पुस्तक उघडा, वेबसाइट बघा, फक्त दुसऱ्या माणसाला विचारू नका. दवाखान्यात डॉक्टर असेच काम करतो. डोस आठवला नाही तर शोधतो, आणि बाहेर पेशंट बसलेले असल्यामुळे पाच मिनिटांत शोधतो. ज्यांना निवड होती त्यांतल्या बहुसंख्यांनी हीच वाट धरली, यात नवल नाही.

हे प्रश्न लिहितात कोण? प्रॅक्टिस करणारे आणि शिकवणारे फॅमिली डॉक्टरच. कच्चा प्रश्न आधी गुण न देता परीक्षेत सोडून पाहतात. सारख्याच तयारीच्या दोन गटांपैकी एक गट एखाद्या प्रश्नावर सतत अडखळत असेल, तर तो प्रश्न वेगळा काढून वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या लोकांच्या पॅनेलपुढे ठेवतात. प्रश्न वैद्यकाचा आहे की त्यातल्या भाषेचा, रीतिरिवाजाचा, हे ते बघतात. भारतातून जाऊन तिथे रेसिडेन्सी केलेल्या डॉक्टरांसाठी ही गाळणी महत्त्वाची आहे.

आपल्याकडे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना पाच वर्षांतले तीस क्रेडिट अवर्स दाखवावे लागतात. परिषदेला हजर राहिलात, तास जमा झाले. तिथे ऐकलेले डोक्यात किती उरले, हे कुणी विचारत नाही. सुटसुटीत पद्धत आहे, आणि म्हणूनच तिच्याविरुद्ध बंड होणार नाही.

अमेरिकन बोर्डाने आणखी एक गोष्ट केली. परीक्षेच्या अर्जासोबत प्रश्नावली जोडली: तुम्ही काय काय करता, कुठे करता, थकला आहात का? अर्ज भरणे भागच, त्यामुळे उत्तरे जवळपास सगळ्यांची येतात. त्यातून कळले की बाळंतपणे करणारे फॅमिली डॉक्टर 2000 साली 23.3 टक्के होते, ते 2010 मध्ये 9.7 टक्क्यांवर आले. काळजीचा दर्जा मोजण्यासाठी अकरा प्रश्नांची एक मोजपट्टीही बोर्डाच्या पाठबळाने तयार झाली आणि तिचे उत्तर पेशंट देतो. डॉक्टर मला ओळखतात का, माझ्या बाजूने उभे राहतात का, असे तिचे प्रश्न. साखरेच्या आकड्यांवरून डॉक्टरला मोजण्यापेक्षा हे बरे.

फीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. बोर्ड डॉक्टरांच्याच पैशावर चालते आणि ते सोडून जायची मुभा डॉक्टरला नावापुरतीच आहे. बोर्डाची विचारपूस मात्र अर्जापुरती थांबत नाही. रेसिडेन्सी संपून तीन वर्षे झालेल्यांनाही बोर्ड गाठते आणि विचारते, जे शिकलात त्यातले आता काय करता? ती उत्तरे एकत्र करून त्यांच्या शिक्षकांकडे पाठवली जातात. बाळंतपण शिकून न करणाऱ्यांची संख्या तिथे त्यांना दिसते, आणि तो विषय अभ्यासक्रमात किती ठेवायचा यावरचा वाद अजून चालू आहे.