छपाईसाठी कापडाची निवड : नांदेड-लातूर परिसराच्या अनुषंगाने

नांदेडची तलम मलमल एके काळी नावाजलेली होती आणि या परिसरातील गावरानी कापसालाही बाजारात स्वतंत्र मान होता. आज बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावी छापील वस्त्र म्हणून जे सर्वाधिक दृष्टीस पडते ते टी-शर्ट होय. गणेशोत्सवातील मंडळे, कबड्डीचे संघ, १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाच्या प्रभातफेरीत निघणाऱ्या शाळा, या सर्वांना आपले नाव व चिन्ह छापलेले सदरे हवे असतात. ते हाती आल्यावर काही आठवड्यांतच तक्रारी सुरू होतात. अक्षरांना भेगा पडतात, पांढरा रंग गुलाबी होतो, वर्तुळाकार बोधचिन्ह लंबगोल दिसू लागते. दोष बहुधा शाईच्या किंवा कारागिराच्या माथी मारला जातो. पुष्कळ वेळा तो कापडाच्या निवडीत, म्हणजे छपाईच्या पूर्वीच, झालेला असतो.

कापड आणि रंग यांचा संबंध प्रथम तंतूच्या रसायनावर ठरतो. कापसाचा तंतू हा सेल्युलोजचा असतो. त्याच्या रेणूवर हायड्रॉक्सिल गटांची दाटी असल्यामुळे तो पाण्याला जवळ करतो. प्रमाण हवामानात तो स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के आर्द्रता धरून ठेवतो. पॉलिएस्टरच्या बाबतीत हेच प्रमाण अवघे ०.४ टक्क्याच्या आसपास आहे. या एका आकड्यातच पुढील सर्व भेदांचे बीज आहे. १९५६ साली बाजारात आलेले प्रतिक्रियाशील रंग अल्कलीच्या सान्निध्यात सेल्युलोजशी प्रत्यक्ष रासायनिक बंध जोडतात. रंग तंतूचाच एक भाग होतो आणि धुण्याने सहसा सुटत नाही. या रंगांची खळ करताना पिठाऐवजी सोडियम अल्जिनेट का वापरतात, याचे कारणही येथेच सापडते. पिष्टमय खळ स्वतःच सेल्युलोजची सगोत्र असल्याने रंग कापडाऐवजी खळीशीच बांधला जातो, खळ धुतल्यावर निघत नाही, आणि कापड कडक राहते.

१९४१ साली व्हिनफील्ड व डिक्सन यांनी इंग्लंडमध्ये शोधलेल्या पॉलिएस्टरला असा रंग लागत नाही. त्याच्यासाठी पाण्यात जवळजवळ न विरघळणारे, सूक्ष्म कणांच्या रूपाने पसरणारे वेगळे रंग आहेत. १८० ते २०० अंश सेल्सिअस उष्णतेत हे रंग घनरूपातून थेट वायुरूप घेतात, त्याच वेळी सैल झालेल्या तंतूच्या अंतरंगात शिरतात आणि तंतू थंड होताच तेथेच अडकून पडतात. कागदावर छापलेले चित्र उष्ण दाबयंत्राने कापडावर उतरविण्याची पद्धत याच गुणावर उभी आहे. हातास न जाणवणारी, भेगा न पडणारी अशी ही छपाई आहे. पण ती पॉलिएस्टरवरच, आणि तेही पांढऱ्या वा फिकट कापडावरच साधते, कारण हे रंग पारदर्शक असतात. सुती कापडावर हेच चित्र उतरविले तर पहिल्या दिवशी ते बरे दिसते आणि दोन-चार धुण्यांत पुसट होते. ग्राहकाला फसविल्याची भावना होते. वास्तविक रंगाला त्या कापडात घर नव्हते, इतकेच.

ज्या गुणामुळे ही छपाई शक्य होते, तोच गुण दुसऱ्या ठिकाणी अपायकारक ठरतो. खेळाडूंसाठी घेतलेला गडद लाल पॉलिएस्टर सदरा घ्यावा. त्यावर पांढऱ्या शाईने क्रमांक छापला जातो. ही शाई बहुधा प्लास्टिसॉलची, म्हणजे द्रव मृदुकारकात कालवलेल्या पीव्हीसी राळेची असते आणि ती पक्की होण्यास सुमारे १६० अंश उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत कापडातील लाल रंग जागचा हलतो, वायुरूपाने शाईच्या थरात शिरतो आणि पांढरा क्रमांक गुलाबी होतो. कधी हा बदल लगेच दिसतो, कधी गठ्ठा बांधून ठेवल्यावर दोन-तीन दिवसांनी. कारागीर शाईचा दुसरा हात देतो. तोही गुलाबी होतो. उपाय दोनच : कमी उष्णतेत, सुमारे १३० अंशांवर, पक्की होणारी शाई वापरणे किंवा खाली रंगरोधक थर देणे. कापड सुती असते, तर हा प्रश्न उद्भवला नसता.

मिश्र कापडाविषयी थोडक्यात सांगता येईल. कापूस व पॉलिएस्टर यांच्या मिश्रणात प्रत्येक रंगप्रकार आपापल्या वाट्याचाच तंतू रंगवितो. उष्णतेने उतरविलेले चित्र म्हणून फिके, जुनाट दिसते. काहींना तेच आवडते. बंधकाच्या साहाय्याने पृष्ठभागावर चिकटणाऱ्या रंगद्रव्यांना मात्र तंतूचा भेद फारसा अडवीत नाही, आणि मिश्र कापडावर छपाई करावयाची झाल्यास तोच मार्ग सोयीचा.

तंतूनंतर रचना येते. मलमल किंवा खादी ताण्या-बाण्याने विणली जाते. टी-शर्टचे कापड एकाच धाग्याच्या फाशांनी गुंफले जाते. फासा ताणला की उघडतो व सोडला की मिटतो, म्हणून हे कापड अंगाबरोबर हलते. त्यावर जाड, ताठ शाईचा थर दिला तर कापड ताणले जाते, थर ताणला जात नाही, आणि भेग पडते. फाशांची गुंफण जितकी घट्ट व सूत जितके बारीक, तितका पृष्ठभाग सपाट आणि चित्राच्या कडा रेखीव. सुताचा बारीकपणा काउंटने सांगतात : एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतील, तितका त्याचा काउंट. ३० काउंटचे सूत २४ काउंटपेक्षा बारीक असते. त्याचे कापड दर चौरस मीटरला साधारण १४० ते १६० ग्रॅम भरते, तर २४ च्या आसपासचे सूत सुमारे १८० ग्रॅमचे कापड देते. बाजारात केवळ ग्रॅम विचारण्याची रीत पडली आहे. ती अपुरी आहे. जाड सुताच्या सैल गुंफणीनेही वजन भरता येते. पण अशा कापडावर बारीक अक्षरे फुटतात. सूत विंचरलेले आहे की नाही, हे वजनाइतकेच महत्त्वाचे आहे, कारण विंचरण्यात आखूड तंतू निघून जातात. ते राहिले तर कापडावर लव उभी राहते, शाई त्या लवेवर बसते, आणि दोन धुण्यांत लव शाईतून वर येऊन चित्र धूसर करते.

गुंफलेल्या सुती कापडाचा आटण्याचा दोषही ध्यानात ठेवावा लागतो. पूर्वसंकोच न केलेले कापड लांबीत सहज ५ टक्के आटते. ७० सेंटिमीटर लांबीचा सदरा साडेतीन सेंटिमीटरने आखूड होतो, आणि २० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ उभ्या दिशेने १९ सेंटिमीटरचे होते. सुताला पीळ अधिक असेल तर कापड मुरडते. बाजूची शिवण पुढे येते आणि सरळ छापलेली ओळ तिरपी दिसते.

अखेरचे अंग संस्करणाचे. कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा पातळ लेप असतो. उकळणीत तो नीट निघाला नसेल, किंवा हाताला मऊ लागावे म्हणून वरून सिलिकोन दिले असेल, तर शाई तंतूत शिरत नाही. याची परीक्षा सोपी आहे : कापडावर पाण्याचा थेंब सोडावा, तो क्षणार्धात शोषला गेला तर कापड छपाईयोग्य, मण्यासारखा उभा राहिला तर नाही. दुकानदाराच्या शब्दाची शहानिशा करावयाची असेल, तर कडेचा एक धागा जाळून पाहावा. कापूस कागदासारखा जळून मऊ राखाडी राख होते. पॉलिएस्टर वितळून आक्रसते आणि कठीण काळा मणी उरतो.

कापडाच्या निवडीस याहून गंभीर अर्थ येतो असे एक उदाहरण याच परिसरात आहे. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या वतीने लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे राष्ट्रध्वजासाठी खादी विणली जाते व नांदेड येथे ध्वज सिद्ध होतात. ध्वजाचे भारतीय मानक १९५१ सालचे. १९६८ मध्ये ते सुधारण्यात आले. ध्वजावरील चोवीस आऱ्यांचे नेव्ही निळे चक्र दोन्ही बाजूंनी पूर्णपणे दिसले पाहिजे, असा दंडक आहे. टी-शर्टच्या छपाईत कापडाची मागची बाजू कोणी पाहात नाही. येथे तिलाही पुढच्या बाजूइतकाच मान आहे. एका बाजूने छापलेले चक्र जाड खादीतून पलीकडे उमटत नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी, आऱ्यावर आरा बसेल अशा रीतीने, ते छापावे लागते. हातसुताची जाडी सर्वत्र सारखी नसते आणि धाग्याच्या गाठीवर निळी रेषा तुटू शकते. म्हणून ध्वजाच्या खादीत सुताची समानता ही शोभेची बाब राहात नाही. चक्राची अचूकता तिच्यावरच अवलंबून असते.

३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रनिर्मित व पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही अनुमती मिळाली, आणि २०२२ च्या ऑगस्टमधील घरोघरी तिरंग्याच्या मोहिमेत असे ध्वज गावोगाव पोहोचले. छपाईच्या दृष्टीने पॉलिएस्टरची सोय उघड आहे : कापड पातळ व एकसारखे, रंग झटपट, किंमत अल्प. ध्वज घराघरांत पोहोचावयाचा तर हा युक्तिवाद सहज टाळता येण्यासारखा नाही. परंतु सूत कातणाऱ्या व माग चालविणाऱ्या हातांना ध्वजाच्या खादीने जे काम मिळत होते, त्याची भरपाई या सोयीत नाही. मानकाने जे कापड केवळ तांत्रिक गुणांसाठी निवडले नव्हते, त्याची तुलना केवळ तांत्रिक गुणांवर करणे म्हणूनच अपुरे ठरते.

बिलोलीच्या टी-शर्टांपुढे इतका मोठा प्रश्न नसतो. तेथे उपयोग पाहूनच ठरवावे लागते. मैदानावर घाम गाळणाऱ्या संघाला पातळ, लवकर वाळणारे पांढरे पॉलिएस्टर व उष्णतेने उतरविलेले चित्र योग्य. उन्हातल्या प्रभातफेरीत दिवसभर अंगावर राहणाऱ्या सदऱ्यास विंचरलेल्या सुताचे, पूर्वसंकोचित, १६० ते १८० ग्रॅमचे सुती कापड आणि पाण्यात कालवलेली शाई बरी. अशा कापडाचा बराचसा भाग तमिळनाडूतील तिरुप्पूरसारख्या केंद्रांतून येतो, तर बिलोलीच्या शिवारातला कापूस सरकी काढून बाहेर जातो. दोनशे सदऱ्यांची मागणी नोंदविण्यापूर्वी एक सदरा छापून घ्यावा, तीन वेळा साबणाने धुऊन उन्हात वाळवावा, वर्तुळाचा व्यास उभा-आडवा मोजावा, आणि मगच उरलेल्या रकमेचा विसार द्यावा.