कार्ब्युरेटरच्या मोटारीतील विद्युत्-नियंत्रक

मे महिन्यातील दुपारी रायपुरात सावलीतील पारा ४५ अंशांच्या घरात जातो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तोच १० अंशांच्या आसपास उतरतो. माणसे ऋतुमानाप्रमाणे वस्त्रे बदलतात. जुन्या मोटारीतील कार्ब्युरेटर मात्र बारा महिने एकाच मापाने पेट्रोल वाढीत असतो. कुर्ल्याच्या कारखान्यातील पद्मिनी असो, उत्तरपाड्याची अँबॅसडर असो, की १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली मारुती ८०० असो, ही गोष्ट सर्वांना सारखीच लागू होती.

कार्ब्युरेटर म्हणजे मधोमध आवळलेली एक नळी. दट्ट्या खाली उतरताना हवा आत ओढली जाते. अरुंद जागी तिचा वेग वाढतो व दाब घटतो, आणि तेथील बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल वर खेचले जाते. युक्ती मोठी सुंदर आहे, परंतु ती हवेचे वजन करीत नाही. १० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापलेली हवा सुमारे ११ टक्क्यांनी हलकी होते. मिश्रणातील हवेचे प्रमाण घनतेच्या वर्गमूळानुसार बदलत असल्याने ते साडेपाच टक्क्यांच्या आसपास घटते. हिवाळ्यात एक भाग पेट्रोलास १४·७ भाग हवा, असे वजनाचे प्रमाण जुळवून ठेवले, तर मे महिन्यात ते १३·९ च्या जवळ येते. पेट्रोल अधिक असलेल्या अशा मिश्रणास आपण दाट म्हणू, आणि हवा अधिक असलेल्यास विरळ.

पूर्वी एवढ्या फरकाची कोणी फारशी फिकीर करीत नसे. पुढे धुराड्यातील उत्प्रेरक पात्र आले. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे ही तिन्ही दूषिते त्याने एकाच वेळी निववावीत, तर मिश्रण १४·७ च्या अगदी निकट राहावे लागते. कार्ब्युरेटरला एकट्याने हे साधणे अशक्य होते. म्हणून अमेरिकेत जनरल मोटर्सने १९८१ सालच्या मोटारींत त्याच्या सोबतीला एक विद्युत्-नियंत्रक पेटी सर्रास बसविली.

या पेटीची साक्षीदार म्हणजे धुराड्याच्या नळीत बसविलेली झिर्कोनियाची एक लहानशी कांडी. धुरात प्राणवायू फार कमी उरला, की ती सुमारे ०·९ व्होल्ट दाब देते. प्राणवायू पुष्कळ उरला, की ०·१ व्होल्ट. पेटी त्यावरून मिश्रण दाट की विरळ ते ठरविते आणि कार्ब्युरेटरमधील विद्युत्-चुंबकाची सुई सेकंदास दहा वेळा वर-खाली करविते. सुई प्रत्येक वेळी किती काळ खाली राहते, यावर पेट्रोलची मात्रा अवलंबून असते. कांडी सुमारे ३०० अंशांपर्यंत तापेपर्यंत मात्र तिची साक्ष ग्राह्य नसते. तोवर पेटी स्मरणात घातलेल्या आकड्यांवर काम भागविते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, कारण तिच्या अज्ञानापायी अनेक निर्दोष पेट्या फेकल्या गेल्या असतील. कांडी पेट्रोल मोजीत नाही, प्राणवायू मोजते. समजा, कांडीच्या अलीकडे धुराड्याला बारीक चीर आहे व तेथून बाहेरची हवा आत शिरते. किंवा एका सिलिंडरात ठिणगी पडत नाही व तेथील प्राणवायू न वापरताच बाहेर येतो. दोन्ही प्रसंगी कांडी ‘मिश्रण विरळ आहे’ असे सांगते, आणि पेटी इमानाने पेट्रोल वाढवीत जाते. गाडी काळा धूर ओकते, खर्च वाढतो, आणि दोष पेटीवर येतो. सुईची तार तुटली तरी जनरल मोटर्सच्या त्या रचनेत मिश्रण दाटच होते. तेव्हा आधी चीर, प्लग, रबरी नळ्या व तारा पाहाव्यात. पेटीचा क्रम शेवटचा.

शिसेयुक्त पेट्रोल या कांडीचे व उत्प्रेरकाचे शत्रू. आपल्याकडे देशभर शिसेमुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून आले, आणि त्याच वर्षी १ एप्रिलपासून ‘भारत २०००’ ही धुराची मर्यादा सर्वत्र लागू झाली. छत्तीसगड राज्य व त्याची राजधानी म्हणून रायपूर ही त्यानंतरची, १ नोव्हेंबरची गोष्ट. पुढील काही वर्षांत पेट्रोल फवारणारी यंत्रणा रूढ झाली आणि हा मधला टप्पा येथे फारसा रुजला नाही.

आपल्या जुन्या मोटारींत जी पेटी आढळते, ती बहुधा ठिणगीची असते. मारुती ८०० चे तीन सिलिंडरांचे एंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असताना सेकंदास ७५ ठिणग्या लागतात. पूर्वी हा प्रवाह धातूची दोन टोके उघडून-मिटून तोडीत, व ती झिजत. पुढे ते काम ट्रान्झिस्टरकडे आले. त्यात झिजण्यासारखे काही नाही, परंतु उष्णता त्याला सोसत नाही.

उन्हाळ्यात नागपूर-रायपूर मार्गावर अशी गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने, थंड झाल्यावर, पुन्हा सुरू होते. याची कारणे दोन असू शकतात: तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ अडकलेली असते, किंवा ट्रान्झिस्टर तापून थकलेला असतो. लक्षण एकच, उपाय मात्र अगदी निराळे. त्यांतील भेद गाडी गरम असतानाच कळतो. आसपास पेट्रोल सांडलेले नाही याची खात्री करून जास्तीचा एक प्लग तारेस जोडावा, तो हात न लावता एंजिनच्या धातूस घट्ट टेकवावा आणि कोणाला तरी स्टार्टर फिरविण्यास सांगावे. निळी ठिणगी दिसली, तर पेटी निर्दोष आहे व शोध पेट्रोलच्या नळीकडे वळवावा. ठिणगी नसेल, तर आधी तारा व कॉइल तपासावी, मग पेटी. तार अधांतरी सोडून ही परीक्षा कधीही करू नये. उच्च दाबाला वाट न मिळाल्यास चांगला ट्रान्झिस्टरही त्यात जळतो.