दुकान ओळखीचे, शेअर अनोळखी

1917 मध्ये बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला परतल्यावर बाबासाहेबांनी उपजीविकेचे जे मार्ग चोखाळले, त्यांतील एकाचा उल्लेख आपल्या चर्चांत क्वचितच होतो. शेअर आणि रोख्यांचे व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देणारी एक पेढी त्यांनी काढली होती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेल्या विद्वानाचा सल्ला लोकांना हवा होता. परंतु सल्लागाराची जात कळली आणि ग्राहक फिरकेनासे झाले. पेढी बंद पडली. नोव्हेंबर 1918 मध्ये बाबासाहेब सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि हा अध्याय मागे पडला.

आज अमेरिकेत शेअर खरेदीचे खाते उघडताना आडनाव पाहून कोणी दार लावीत नाही. तरीही आपल्यातील अनेक कुटुंबांची शिल्लक बँकेत, सोन्यात किंवा गावाकडच्या प्लॉटमध्येच असते. जे शेअर घेतात ते बहुधा आपण जिथे खरेदी करतो त्या दुकानांचे घेतात, कारण ती ओळखीची वाटतात. आमची फसगत नेमकी इथेच झाली.

आमच्या वाचनवर्गातील चार कुटुंबांनी घरसामान विकणाऱ्या एका मोठ्या साखळीचे शेअर घेतले होते. नवे घर लावताना चादरी, टॉवेल, भांडी तिथूनच आलेली. तिची सवलतीची कुपने प्रत्येकाच्या खणात पडलेली. शेअरचा भाव उतरू लागला तेव्हा आम्ही त्याला स्वस्त म्हणालो आणि आणखी घेतले. पुढे कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. अशा वेळी न्यायालयात एक रांग लागते: आधी तारण घेऊन कर्ज देणारे, मग माल पुरवणारे आणि जागेचे मालक, सर्वांत शेवटी भागधारक. आमच्यापर्यंत काहीच उरले नाही. एका कुटुंबाने त्यात मुलीच्या कॉलेजच्या फीचा हिस्सा गुंतवला होता. पहिल्या सत्राची तूट बाकीच्या तिघांनी बिनव्याजी भरून काढली, म्हणून तिचे वर्ष वाया गेले नाही.

नंतर आम्ही त्या कंपनीचे वार्षिक अहवाल काढून वाचले. येथील प्रत्येक सूचीबद्ध कंपनीला ‘टेन-के’ नावाचा अहवाल सरकारकडे सादर करावा लागतो आणि तो कोणालाही विनामूल्य वाचता येतो. विक्री घटत असताना कंपनी स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यावर पैसा उधळत होती, हे त्यात स्पष्ट छापलेले होते. दुकानातील रिकामी फडताळे तर आम्ही स्वतः पाहिली होती. पुरवठादार उधारीवर माल देईनासे झाले की असे होते, हे मात्र तेव्हा उमगले नव्हते.

किरकोळ विक्रीचा धंदा बाहेरून दिसतो त्याहून फार अरुंद वाटेने चालतो. जानेवारी 2024 अखेरच्या वर्षात वॉलमार्टची उलाढाल सुमारे 648 अब्ज डॉलर होती आणि निव्वळ नफा सुमारे 15.5 अब्ज, म्हणजे शंभर डॉलरमागे जेमतेम 2 डॉलर 40 सेंट. इतक्या पातळ नफ्यात मालसाठ्याचा अंदाज थोडा चुकला तरी हिशेब कोलमडतो. टार्गेटचे 2022 चे उदाहरण बोलके आहे. त्या वर्षीच्या पहिल्या तिमाहीत विक्री सुमारे 4 टक्क्यांनी वाढली, पण गोदामांतील माल 43 टक्क्यांनी. न खपलेला माल शेवटी सवलतीत काढावा लागतो आणि ती सवलत नफ्यातून जाते. 18 मे रोजी निकाल जाहीर झाले आणि एका दिवसात शेअर सुमारे 25 टक्क्यांनी कोसळला. तेव्हापासून आम्ही विक्रीच्या आकड्याशेजारी मालसाठ्याचा आकडा ठेवल्याशिवाय पुढे वाचत नाही. नव्या दुकानांमुळे फुगलेली विक्री आणि जुन्या दुकानांतील विक्री यांतला फरकही तसाच तपासतो.

कॉस्टकोचा अहवाल वाचताना वर्गात सर्वाधिक कुतूहल निर्माण झाले. आपल्यातील कितीतरी जण तिथे तांदळाच्या गोण्या घेतात. 2023 पासून तिथे सोन्याच्या लगडीही मिळू लागल्या, तेव्हा आमच्या मंडळींनी रांगा लावल्या हे कबूल केले पाहिजे. पण ही कंपनी मालावर फारसे कमावीत नाही. 2024 च्या आर्थिक वर्षात तिचा कार्यचालन नफा सुमारे 9.3 अब्ज डॉलर होता आणि सदस्यत्व शुल्काचे उत्पन्न 4.8 अब्ज. म्हणून तिच्या बाबतीत पाहायचा आकडा म्हणजे किती सदस्य नूतनीकरण करतात. अमेरिका आणि कॅनडात ते प्रमाण सुमारे 93 टक्के होते. मात्र उत्तम कंपनी आणि उत्तम खरेदी या दोन गोष्टी वेगळ्या. 2024 अखेरीस तिच्या शेअरचा भाव प्रतिशेअर वार्षिक नफ्याच्या पन्नासपटीहून अधिक होता. आम्ही तो घेतला नाही.

गावाकडून भाऊ, मेहुणे फोनवर डीमार्टविषयी विचारतात. मार्च 2017 मध्ये 299 रुपयांना आलेला तो शेअर अनेकांनी हुकवला, त्याची हळहळ असते. त्यांना आम्ही एकच गोष्ट सांगतो: डीमार्टच्या बहुतेक दुकानांची जागा कंपनीच्या मालकीची आहे. बिग बझार भाड्याच्या जागांवर आणि कर्जावर वाढले. भाडी थकली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये रिलायन्सने त्यांची दुकाने ताब्यात घेतली. ग्राहकाला दोन्हीकडे डाळ-साखर सारखीच मिळत होती.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला संपत्तीचे चार भाग करायला सांगितले आहे: एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी, चौथा आपत्काळासाठी राखून. आमची चूक चौथ्या भागाला हात लावण्याची होती. आता त्या भागातून शेअर घ्यायचे नाहीत, असा आमचा नियम आहे. एकाच कंपनीत कोणी किती रक्कम घालायची यावरही मर्यादा आहे. बाकीची रक्कम निर्देशांक फंडात जाते.

एका प्रश्नावर मात्र आमच्यात एकमत नाही. उपासकाने शस्त्रांचा आणि मद्याचा व्यापार करू नये, असे बुद्धवचन आहे. वॉलमार्ट शिकारीच्या बंदुकाही विकते आणि बिअरही. काहींच्या मते भागधारक होणे म्हणजे त्या व्यापारात भागीदार होणे. इतरांचे म्हणणे असे की निर्देशांक फंडातही तीच कंपनी असते आणि आपण आठवड्याचा किराणा तिथूनच आणतो. मार्चमध्ये कंपनीचा नवा अहवाल येईल, तेव्हा हा वाद पुन्हा रंगेल.