आळशी डोळा आणि पहिलीचा वर्ग

मूल धावताना अडखळत नाही, चित्रांचे पुस्तक आवडीने पाहते, दर्यावरची होडी आईच्या आधी ओळखते. मग त्याच्या दृष्टीविषयी शंका घेण्याचे कारण काय? कारण एवढेच की, हे सारे एका डोळ्याच्या बळावरही साधते. दुसरा डोळा मागे पडला असेल, तर त्याची वार्ता ना मुलाला असते, ना घराला. वैद्यकात ज्याला ‘अँब्लिओपिया’ म्हणतात, तो ‘आळशी डोळा’ असा मुकाट असतो. जगभरच्या पाहण्यांत तो शंभरांत एक ते चार मुलांत आढळला आहे.

‘आळशी’ हे विशेषण खरे तर अन्यायाचे आहे. डोळा बहुधा धडधाकट असतो. परंतु त्याचा नंबर दुसऱ्याहून बराच अधिक असला किंवा तो तिरळा असला, तर मेंदूला दोन न जुळणारी चित्रे मिळतात. वाढत्या वयाचा मेंदू त्यांपैकी एकाकडे दुर्लक्ष करू लागतो आणि त्या डोळ्याने पाहणे शिकतच नाही. मांजराच्या पिल्लांवर प्रयोग करून ह्यूबेल व वीझेल यांनी ही प्रक्रिया उलगडली. त्यांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. सातव्या वर्षाच्या आत उपचार उत्तम लागू पडतात. पुढेही सुधारणा होते, पण तिचा भरवसा कमी.

आपल्याकडे राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. त्यातील शालेय नेत्रतपासणीचा भर मात्र दीर्घकाळ दहा ते चौदा वर्षांच्या मुलांवर राहिला. आळशी डोळ्याच्या बाबतीत हे लावणी उरकल्यावर बियाणे वाटण्यासारखे झाले. २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने अंगणवाडीतील मुलांची तपासणी आणली, हे योग्यच झाले. तरीही देवबाग, आचरा अशा किनाऱ्यावरच्या गावी पथक आले त्या दिवशी मूल आजोळी असले, म्हणजे ती फेरी हुकली. शिक्षक मात्र रोज भेटतो.

त्याने करायचे ते फार नाही. सहा मीटरवर ‘ई’ या इंग्रजी अक्षराचा तक्ता लावावा. अक्षराच्या रेघा ज्या दिशेला, त्या दिशेला मुलाने बोटे दाखवावीत. चार-पाच वर्षांच्या मुलाला हा खेळच वाटतो. अट एकच : एका वेळी एकच डोळा, आणि दुसरा मोठ्या माणसाच्या तळहाताने पुरता झाकलेला. मुले बोटांच्या फटीतून पाहतात! दोन डोळ्यांत दोन ओळींचा फरक पडला, किंवा एकच डोळा झाकताना मूल विशेष कुरकुरले, तर त्याला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. तेथे बाहुली मोठी करणारे थेंब घालूनच नंबर काढला पाहिजे. नुसत्या यंत्राचा आकडा मुलांत फसवा ठरतो. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापर्यंतची खेप म्हणजे घरातील एकाचा दिवस मोडतो, हे खरे आहे; म्हणून गावातली पहिली चाळणी नीट हवी.

दोष सौम्य असेल तर पहिला उपचार चष्मा हाच. तो सतत वापरला, तर काही मुलांची दृष्टी तीन-चार महिन्यांत त्यानेच बरोबरीला येते. पाच वर्षांच्या मुलीच्या चष्म्यावरून तिच्या लग्नाची चिंता करणारी घरे अजून आहेत, त्यांना काय म्हणावे! तेवढ्याने भागले नाही, तर चांगल्या डोळ्यावर पट्टी. पूर्वी ती दिवसभर बांधत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात मध्यम दोषासाठी रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच गुणकारी ठरली. म्हणजे वर्गात चेष्टा सोसण्याचे कारण उरले नाही. शाळा सुटल्यावर घरी पट्टी लावून तांदूळ निवडावेत, अबोलीचे वळेसर गुंफावेत. दमट हवेत पट्टी घामाने सुटते, तेव्हा कोणीतरी जवळ हवे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, वडील घरी असतात. तेवढे दिवस तरी ही राखण त्यांनी करावी. पट्टी नकोच म्हणणाऱ्या मुलासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली अ‍ॅट्रोपिनचे थेंब हा तितकाच खात्रीचा पर्याय आहे.

उपचार थांबल्यावर सुमारे एकचतुर्थांश मुलांत दृष्टी पुन्हा काहीशी घसरते. त्यामुळे बऱ्या झालेल्या मुलाचे नाव वहीतून खोडू नये. पुढच्या वर्षी, दुसरीच्या वर्गात, त्याला पुन्हा तक्त्यासमोर उभे करावे.